सागवान घेताना फळीचा गाभा पाहा

वडोदऱ्यात गच्चीवरच्या झोपाळ्यासाठी लाकूड घ्यायला पीठ्यात, म्हणजे लाकडाच्या वखारीत गेलं, की पहिला प्रश्न येतो: वलसाडी हवं की आफ्रिकन? वलसाडी म्हणजे वलसाड-डांगकडच्या जंगलातला साग. आफ्रिकन म्हणजे घानासारख्या देशांतल्या लागवडीतला, बंदरावर उतरून आलेला. जात दोन्हींची एकच, टेक्टोना ग्रँडिस. भावात मोठा फरक असतो, पण फळी पावसात किती टिकेल हे देशापेक्षा झाडाच्या वयावर ठरतं.

झाड जाड होताना आतले जुने थर मरतात आणि त्यांत टेक्टोक्विनोनसारखी रसायनं व रबरासारखा पदार्थ साठतो. वाळवी आणि बुरशी दूर राहते ती यामुळे. हाच सोनेरी-तपकिरी गाभा. बाहेरच्या पांढुरक्या थरात, म्हणजे 'कच्च्या' लाकडात, हे संरक्षण नसतं, उलट स्टार्च असतो. भुंगेरे त्यावरच जगतात, आणि फळीखाली मैद्यासारखा भुसा पडायला लागतो. उघड्यावर सागाचं कच्चं लाकूड आंब्याच्या फळीपेक्षा फार वेगळं वागत नाही. लवकर तोडलेल्या झाडात कच्चा भाग जास्त, गाभाही तुलनेने कमकुवत.

म्हणून फळीच्या एका कोपऱ्यावर दुकानदाराकडून रंधा मारून घ्या. वरून तेल किंवा रंग चोळलेला असेल तर खालचा पांढरा पट्टा लगेच उघडा पडतो. मग वजन करा. फुटात लांबी गुणिले इंचात रुंदी गुणिले इंचात जाडी, भागिले १४४, म्हणजे घनफूट. ७ फूट × ८ इंच × दीड इंच फळी ०.५८ घनफूट भरते. सुका साग घनफुटाला साधारण १८ ते १९ किलो, म्हणजे ही फळी ११ किलोच्या आसपास हवी. १४ भरली तर लाकूड बहुधा ओलं आहे. ओलाव्याचा मीटर मिळाला तर उत्तमच. १२ टक्क्यांच्या वर असेल तर घेऊ नका, किंवा सावलीत पट्ट्यांवर रचून वाळू द्या.

बाभूळ आणि साल कणखर आहेत, पण वाळताना चिरतात. शिसमाचा गाभा टिकाऊ, पण घरात जास्त शोभतो. ब्राझीलकडचं इपे पाण्यात बुडण्याइतकं जड आणि उत्तम, पण झोपाळ्यासाठी एवढा खर्च करण्यात अर्थ नाही.

आता लाकडाच्या हालचालीकडे वळू, कारण फर्निचर बिघडतं ते बहुतेक वेळा इथे. मे महिन्यात वडोदऱ्याची हवा कोरडी ठाक, ऑगस्टमध्ये दमट. लाकडातला ओलावा या काळात ८ टक्क्यांनी बदलला, असं धरू. आडव्या चिरलेल्या, म्हणजे टोकाला वाढीची वलयं रुंदीला समांतर दिसणाऱ्या सागाचा दोन फूट रुंद पाट तेवढ्यात सुमारे ९ मिलिमीटर फुगतो. उभ्या रेषांचा, म्हणजे खोडाच्या मध्यातून चिरलेला, जेमतेम ४. लांबीत मात्र जवळपास काही फरक पडत नाही. पाट चारी बाजूंनी स्क्रूने जखडला, की तो फुगताना वाकतो आणि आकसताना फाटतो. बैठक रुंद पाटाऐवजी अडीच-तीन इंची पट्ट्यांची करा, मध्ये ५ मिलिमीटर फट ठेवा. पाणीही तिथूनच निघून जातं.

स्क्रू ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे किंवा पितळेचे. साध्या लोखंडाची लाकडातल्या टॅनिन या तुरट द्रव्याशी प्रक्रिया होऊन भोवती काळे डाग पडतात. पितळेचा स्क्रू मऊ असतो, म्हणून आधी भोक पाडून त्याच मापाचा स्टीलचा स्क्रू पिळून काढा, मग पितळेचा बसवा. सांध्यांना गोंद लावण्याआधी सागाची तेलकट बाजू ॲसिटोनने पुसा आणि पृष्ठभाग सुकताच इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून लावायचा गोंद, लावा. फर्निचरच्या पायांची खालची टोकं इपॉक्सीने बंद करा, कारण पाणी तंतूंच्या दिशेने कितीतरी पट वेगाने चढतं.

उन्हातल्या फर्निचरला चकचकीत पारदर्शक वॉर्निश लावू नये. अतिनील किरण थरातून आरपार जातात, खालचं लिग्निन, म्हणजे लाकडाचे तंतू धरून ठेवणारं द्रव्य, तुटतं आणि थर पापुद्र्यासारखा सुटतो. काही न लावलेला साग करडा होतो; हा बदल वरच्या अगदी पातळ थरातच असतो. तेल लावलंच तर अळशीच्या तेलात भिजलेली कापडाची बोळी चुरगळून टाकू नका. ती आपोआप पेट घेऊ शकतात. मोकळी पसरून वाळवा.

स्वयंपाकाच्या ओट्यासाठी लाकूड घ्यायचं, तर सिंकभोवतीचा भाग दगडाचाच ठेवा. बाकी फळीला वर, खाली आणि कडांना तेलाचा सारखाच हात द्या. फक्त वरून तेल लावलेली फळी वाटीसारखी वळते. औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन इथे चालतं: भरपूर ओता, रात्रभर मुरू द्या, सकाळी पुसा. पहिल्या महिन्यात दर आठवड्याला, नंतर लाकूड कोरडं दिसेल तेव्हा. खिडकीतून ऊन येत असेल तर हळदीच्या डागावर पॉलिश पेपर चालवू नका. हळदीतलं पिवळं द्रव्य, कर्क्युमिन, उजेडात टिकत नाही, डाग आपोआप फिका पडतो.