माळरान

माळरान : दख्खनच्या पठारावरील उथळ, मुरमाड जमिनीचा, विरळ झाडांचा चराऊ गवताळ प्रदेश. सह्याद्रीच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेत, मुख्यतः पुणे, सातारा, सांगली, सोलापूर व अहिल्यानगर जिल्ह्यांत तो पसरलेला आहे. पवन्या, शेडा, मारवेल ही चाऱ्याची सरस गवते. चराई अती झाली की ती मागे हटतात आणि कुसळी माजते. कुसळी कोवळेपणी जनावरे खातात. निसवल्यावर मात्र तिला लांब, पिळदार कुसळे येतात. ओलाव्याने कुसळाचा पीळ सुटतो, वाळले की पुन्हा बसतो. या फिरण्यानेच टोकदार बी जमिनीत रुतते, तसेच लोकरीत अडकल्यास मेंढीच्या कातडीतही.

माळरानांच्या उत्पत्तीविषयी मतभेद आहेत. ब्रिटिश वनाधिकारी एच. जी. चॅम्पियन यांच्या १९३६ च्या वनवर्गीकरणात व त्याच्या १९६८ च्या सुधारित आवृत्तीत असे प्रदेश बव्हंशी शुष्क पानझडी किंवा काटेरी वनांच्या ऱ्हासाचे टप्पे मानले आहेत. गवतांचे अभ्यासक दाबडघाव व शंकरनारायण यांनी १९७३ मध्ये भारतीय गवताळ आच्छादनाचे पाच प्रकार पाडले; दख्खनचा बहुतेक भाग त्यांतील सेहिमा-डायकँथियम (शेडा व मारवेल यांच्या प्रजातींवरून नाव पडलेल्या) प्रकारात मोडतो. तोड, वणवा व चराई यांमुळेच ही गवते टिकून आहेत, असा त्यांचाही कल दिसतो. मात्र उष्ण हवामानाला सरावलेली सी-४ (प्रकाशसंश्लेषणाची एक वेगळी पद्धत असलेली) गवते उपखंडात सुमारे ८० ते ५० लाख वर्षांपूर्वीच पसरली होती. शेती व पशुपालन त्यामानाने अगदी अलीकडचे. तेराव्या शतकापासूनच्या मराठी वाङ्मयातील वनस्पतींच्या उल्लेखांतही माळावरच्या काटेरी झाडाझुडपांचा भरणा आढळतो. त्यामुळे निदान पर्जन्यछायेतील माळराने मुळातली असावीत, हे मत अधिक ग्राह्य वाटते. अधिक पावसाच्या पट्ट्यातील काही माळ तोडीतून झाले असणे शक्य आहे.

हा वाद केवळ पुस्तकी नाही. माळ म्हणजे उजाड झालेले वन, असे धरले की चर खणून झाडे लावणे हाच उपाय ठरतो. सरकारी नोंदींत माळ ‘पडीक’ म्हणून येतो तो याच समजुतीने. दाट लागवडीच्या सावलीत गवत मरते, आणि मोकळ्या माळावर जगणारे माळढोक, लांडगा व चिंकारा यांचा आसरा जातो. माळढोकासाठी १९७९ मध्ये सोलापूरजवळच्या नान्नज परिसरात अभयारण्य झाले.

धनगरांचे वाडे (मेंढ्यांसह एकत्र फिरणारे कुटुंबांचे तांडे) पावसाळ्यात माळावर असतात व पुढे मेंढ्या घेऊन कोकणाकडे किंवा बागायती भागाकडे उतरतात. वाटेत शेतात मेंढ्या बसवून खत दिले जाते. त्याबदल्यात धान्य वा पैसे मिळतात. राखीव कुरणात याउलट जनावर सोडत नाहीत. गवत विळ्याने कापून नेतात. गावच्या मोफत चराईसाठी जमीन राखून ठेवण्याची तरतूद महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम २२ मध्ये आहे. गायरानांसह गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सर्व राज्यांना दिले.