क्यूबच्या चालींची वर्णमाला

रुबिक्स क्यूब शिकणारी मुले ‘आर, यू, आर प्राइम, यू प्राइम’ असे पुटपुटताना दिसतात आणि ही अक्षरे क्यूबबरोबरच जन्मली असावीत, असे ऐकणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात क्यूब १९७४ मध्ये बुडापेस्टच्या एर्नो रुबिक यांनी घडवला. या अक्षरांचे श्रेय लंडनमधील गणितज्ञ डेव्हिड सिंगमास्टर यांचे. १९७८ साली हेलसिंकीच्या आंतरराष्ट्रीय गणित परिषदेत त्यांना क्यूबचे वेड लागले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी काढलेल्या टिपणांच्या पुस्तिकेतून ही लिपी पसरली.

त्यांनी नावे रंगांना न देता जागांना दिली (‘आर’ म्हणजे ‘राइट’, उजवी बाजू; ‘यू’ म्हणजे ‘अप’, वरची बाजू), हे मला फार महत्त्वाचे वाटते, कारण त्यामुळे कोणत्याही रंगसंगतीच्या क्यूबवर तीच नोंद चालते. इंग्रजीत ‘बॉटम’ आणि ‘बॅक’ दोन्ही ‘बी’नेच सुरू होत असल्याने वर-खालसाठी त्यांनी ‘अप’ आणि ‘डाउन’ हे शब्द घेतले. नुसते अक्षर म्हणजे ती बाजू समोर धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने पाव फेरा, आणि ‘प्राइम’ म्हणजे त्याच्या उलट.

चाली अशा लिहिल्या की त्यांचे गणित करता येते. सोडवलेल्या क्यूबवर ‘आर, यू’ ही जोडी पुन्हा पुन्हा केली, तर बरोबर १०५ आवर्तनांनंतर क्यूब पूर्ववत होतो. उजव्या आणि वरच्या बाजूंचे मिळून कडेचे तुकडे सात आहेत, कारण चार अधिक चारमधून सामाईक एक वजा होतो. ते एकाच साखळीत फिरतात आणि दर सात आवर्तनांनी घरी येतात. कोपऱ्याचे तुकडे सहा. त्यांतील पाचांची साखळी पाच आवर्तनांत जागेवर येते, पण प्रत्येकाला पीळ पडलेला असतो आणि तो तिसऱ्या खेपेस, म्हणजे पंधराव्या आवर्तनात सुटतो. सहावा जागीच पिळला जाऊन दर तीन आवर्तनांनी सरळ होतो. सात, पंधरा आणि तीन यांचा लसावि १०५.

डोळ्यांवर पट्टी बांधून क्यूब सोडवणे ही दिव्यदृष्टी असल्याचे सांगून पालकांकडून पैसे घेणाऱ्यांपासून सावध राहावे. क्यूब आधी नीट पाहून कोणता तुकडा कुठे आहे हे पाठ केले की ते कोणालाही सरावाने साधते.

कोणतीही मांडणी जास्तीत जास्त २० चालींत सुटते, हे २०१० मध्ये सिद्ध झाले. तिथे अर्धा फेराही एकच चाल धरला आहे. तो दोन चाली मोजला, तर आकडा २६ होतो.