डोंगरात अडकल्यावर फोन केला तर बिल येतं?

पावसाळ्यात खानदेशातल्या पाटणादेवी, मनुदेवी किंवा तोरणमाळच्या डोंगरांत कुणी अडकलं की गावात एकच बोलणं सुरू होतं: ‘कसाले गयथा तठे?’ (कशाला गेले होते तिथे?) आणि त्याला जोडून ठरलेली समजूत, की मदत मागितली तर खर्च वसूल होतो, वर गुन्हाही लागतो. म्हणे जीव जायची वेळ आल्याशिवाय फोन करूच नये.

हे खोटं आहे. 112 या आपत्कालीन मदत क्रमांकाला फोन करायला पैसे पडत नाहीत, 108 ची रुग्णवाहिकाही मोफत आहे. जाणूनबुजून खोटी माहिती दिली तर गुन्हा होतो, घाबरून केलेल्या फोनबद्दल नाही. अभयारण्यात विनापरवाना शिरलात तर कारवाई होऊ शकते, पण ती शिरल्याबद्दल.

पाटणादेवीजवळच्या केदारकुंडाकडून उतरताना माझ्या मावसभावाचा पाय मुरगळला. दुपारचे तीन वाजले होते. ‘लोक हसतील’ म्हणून तो दगडावर बसून राहिला. बुटाची लेस सैल केली तेव्हा घोटा वांग्यासारखा सुजलेला. फोन केला तो साडेसहाला, अंधार पडताना. तीनला दोन माणसांनी खांद्याचा आधार दिला असता तरी भागलं असतं, पण रात्री निसरड्या वाटेवर आठ जणांना जीव धोक्यात घालावा लागला. मला त्या हसणाऱ्यांचा आजही राग येतो.

आणखी एक. स्वतःच्या सिमला रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीचं नेटवर्क असेल तर 112 लागू शकतो. कुठलंच नसेल तर मात्र नाही. तेव्हा जमत असेल तर उघड्या टेकाडावर या.