कॉलरमागचं लेबल

मराठवाड्याला समुद्र नाही. आहे ते गंगेचं वाळवंट. गोदावरीला इकडं गंगाच म्हणतात. जायकवाडीचे दरवाजे उघडले की पैठणपासून धर्माबादपर्यंत काय काय वाहून येतं. एखादं प्रेत जिथं वाळूला लागलं, तिथल्या ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते आणि दोन-तीन दिवसांनी पेपरच्या आतल्या पानावर चार ओळी येतात. अनोळखी पुरुष, वय अंदाजे ४५, बांधा सडपातळ, रंग सावळा, उजव्या हातावर गोंदलेले, कमरेला लाल करदोडा. आणि शेवटी, नशीब असेल तर, शर्टाच्या कॉलरला अमुक टेलर्सचे लेबल.

या लेबलाची किंमत मला मामांच्या शिलाईच्या दुकानात कळली. एकदा हवालदार पेपरात गुंडाळलेला शर्ट घेऊन आले. मामांनी लेबलाकडं पाहिलंही नाही. शर्ट उलटा करून आधी काजं बघितली, मग खिशाची शिवण. "आपलाच हाय," म्हणाले आणि मापाची वही काढली. त्या मापाची तीन नावं निघाली. हवालदार तिन्ही गावं फिरले. तिसऱ्या गावात घर सापडलं.

जगभर गाजलेल्या एका केसमध्ये नेमकी हीच वाट बंद होती. १ डिसेंबर १९४८ ची सकाळ, ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडजवळचा सॉमर्टनचा समुद्रकिनारा. (आपल्याकडं निजामाविरुद्धची पोलीस ॲक्शन होऊन तेव्हा जेमतेम अडीच महिने झाले होते.) समुद्राच्या भिंतीला टेकून एक माणूस मेलेला आढळला. कोट, टाय, चकचकीत बूट, पण कपड्यांवरची लेबलं काढलेली. पाकीट नाही, कागदपत्र नाही. डॉक्टरांना विषाचा संशय आला, पण विष काही सापडलं नाही. पुढं जानेवारीत रेल्वे स्टेशनवर ठेवलेली एक सुटकेस मिळाली. ती त्याचीच, हे कशावरून ठरलं? आत नारिंगी रंगाचा मेणाचा दोरा होता आणि त्याच दोऱ्यानं त्याच्या पँटचा खिसा शिवलेला होता. मामांना हे सांगायला हवं होतं.

सुटकेसमधल्या एका टायवर मात्र नाव राहिलं होतं: टी. कीन. पोलिसांनी शोध शोध शोधलं. त्या नावाचा बेपत्ता माणूस कुठंच नव्हता.

मग सापडली ती चिठ्ठी. पँटच्या छोट्या चोरखिशात गुंडाळी करून ठेवलेला छापील कपटा, दोनच शब्दांचा: 'तमाम शुद'. अर्थ लावायला तिथल्या ग्रंथालयाच्या लोकांना विचारावं लागलं. एका पेपरात 'तमान' असं चुकीचं छापून आलं आणि ती चूक पुढं कित्येक वर्षं चालत राहिली. निजामाच्या शाळेत उर्दूतून शिकलेल्या आपल्या कुठल्याही आजोबांनी तो कपटा बघून सांगितलं असतं: फारसी आहे, 'संपलं' असा अर्थ, जुन्या पुस्तकाच्या शेवटी असतं. झालंही तसंच. तो उमर खय्यामच्या रुबायांच्या इंग्रजी पुस्तकाच्या शेवटच्या पानाचा तुकडा निघाला. ते पुस्तक कुणीतरी एका उघड्या गाडीत टाकून गेलं होतं. त्याच्या पाठीमागच्या पानावर इंग्रजी अक्षरांच्या, अर्थ न लागणाऱ्या काही ओळींचे पुसट ठसे उमटलेले. शीतयुद्धाचे दिवस, लोकांनी लगेच त्याला हेर करून टाकलं. मला त्या ओळींचं कधी फारसं कौतुक वाटलं नाही.

अशीच दुसरी केस आयर्लंडमधली. जून २००९ मध्ये स्लायगोजवळ रॉसेस पॉइंटच्या किनाऱ्यावर एकाचं प्रेत मिळालं. हॉटेलात त्यानं पीटर बर्गमन हे खोटं नाव आणि व्हिएन्नाचा पत्ता दिला होता. सीसीटीव्हीत दिसतं, की हा जांभळी पिशवी भरून बाहेर पडायचा आणि परत यायचा तो रिकाम्या हातानं. याच्याही कपड्यांची लेबलं कापलेली. शवविच्छेदनात बळावलेला कॅन्सर निघाला. कॅमेऱ्यांनी इतकं टिपूनही नावाचा पत्ता लागला नाही.

आपल्याकडं अशा प्रेताचा पंचनामा पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली व्हायचा, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली होतो. बेवारस प्रेत बऱ्याचदा जाळत नाहीत, पुरतात. उद्या कुणी विचारत आलं तर.

सॉमर्टनच्या माणसालाही १९४९ मध्ये पुरलं. त्याआधी त्याच्या डोक्याचा आणि छातीचा प्लास्टरचा साचा घेतला होता. सुटकेस १९८६ मध्ये नष्ट करून टाकली, पण साच्यात अडकलेले केस राहिले. त्यांच्या डीएनएवरून प्राध्यापक डेरेक ॲबट आणि वंशावळी शोधणाऱ्या कॉलीन फिट्झपॅट्रिक यांनी जुलै २०२२ मध्ये नाव सांगितलं: कार्ल वेब, जन्म १९०५, मेलबर्नचा, विजेच्या उपकरणांचं काम करणारा. पोलिसांनी त्याच्या आदल्या वर्षीच प्रेत उकरून काढून स्वतःची तपासणी सुरू केली होती. वेबच्या नावावर त्यांनी तेव्हा शिक्का मारला नाही. पण वेबचा वंशवेल काढताना त्याच्या बहिणीचा नवरा सापडला. त्याचं नाव थॉमस कीन. म्हणजे टाय भाऊजींचा असावा.