जुनी फोर बाय फोर दाखवायला आणताय? धुऊन आणू नका

‘जिम्नी घेऊ की थार?’ असं विचारणारे फोन आमच्या गॅरेजमध्ये रोज येतात; जुन्या फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद देणाऱ्या) गाड्या घेण्याआधी आम्ही तपासून देतो. गाड्या दोन्ही दणकट आहेत, पण तुमचं जाणं-येणं कुठे असतं ते आधी सांगा. पावसाळ्यात शेतावर जायला निसरडी चढण असेल, तर लो रेंजची, म्हणजे कमी वेगात जास्त जोर देणारा गिअर असलेली, फोर बाय फोर गाडी घ्याच. घर ते ऑफिस आणि वर्षातून एकदा महाबळेश्वर एवढंच असेल, तर साधी टू व्हील ड्राइव्ह पुरते. घरात माणसं पाच असतील, तर जिम्नी आणि तीन दारांची थार दोन्ही बाद, कारण त्या चारच माणसांच्या आहेत. मग पाच दारांची थार रॉक्स बघा. आणखी एक, २०२३ पासून तीन दारांची थार नुसत्या मागच्या चाकांवर चालणारीही मिळते. गिअरशेजारी दुसरा लिव्हर नसेल, तर ती फोर बाय फोर नाही.

आता मुद्द्याचं. जुनी गाडी तपासायला येते ती बहुतेक वेळा थेट वॉशिंग सेंटरवरून, खालून काळं पॉलिश मारून. मग रॅम्पवर घेऊन आम्हाला काहीच कळत नाही. डिफरेन्शियलला (चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्याला) तेलाचा ओघळ होता का, पुढचं चाक ज्यावर वळतं त्या नकलच्या सीलमधून ग्रीस बाहेर येत होतं का, चासीच्या कोपऱ्यात वाळू अडकली होती का, सगळं पाण्याबरोबर गेलेलं असतं. कोकणात किनाऱ्यावर फिरवलेल्या गाडीची चासी खाऱ्या पाण्याने आतून गंजते आणि वरचा रंग मात्र चकचकीत राहतो. अशा वेळी आम्ही ग्राहकाला परत पाठवतो आणि आठवडाभर वापरून पुन्हा आणायला सांगतो. काहींना राग येतो. पण न दिसलेल्या गोष्टीवर ‘घ्या’ असा शेरा आम्ही देणार नाही.

इंजिनही थंड हवं. सकाळी पहिल्यांदा चालू करतानाचा आवाज आणि धूर आम्हाला बघायचा असतो.

डिफरेन्शियलचं तेल आम्ही थोडं काढून पाहतोच. दुधाळ निघालं, तर गाडी पाण्यात गेलेली आहे, मालक काहीही म्हणो. ‘फोर बाय फोर कधी वापरलंच नाही’ हे तर कौतुकाने सांगतात. न वापरल्याने लिव्हर जाम झालेल्या गाड्या आम्ही पाहिल्या आहेत. फोर बाय फोरची चाचणी आमच्या मागच्या मातीच्या जागेवर होते. कोरड्या डांबरावर फोर एचमध्ये (नेहमीच्या वेगाच्या फोर बाय फोरमध्ये) वळणं घेतली की पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसवर ताण येतो, म्हणून विकणाऱ्यालाही रस्त्यावर तसं करून दाखवू देऊ नका.

गाडी नापास झाली तरी तपासणीचे पैसे परत मिळत नाहीत, कारण मेहनत तेवढीच लागते. तीच गाडी घेऊन पहिली सर्व्हिस आमच्याकडे केलीत, तर ती रक्कम बिलातून वजा करतो. विकणाऱ्याला टोकन मात्र आमचा तपासणीचा कागद हातात आल्यावरच द्या. वेळ आदल्या दिवशी ठरवून, सकाळी दहाच्या आत, आहे त्या चिखलासकट या.