ग्रेट हेल्म : प्रतिकृतीमागचा इतिहास

डोक्यावर उपडी घातलेली लोखंडी बादली, अशीच ग्रेट हेल्मची, म्हणजे सरदाराचं सगळं डोकं आणि चेहरा झाकणाऱ्या लढाईच्या टोपाची, पहिली ओळख होते. मध्ययुगीन युरोपातल्या लढाया हौसेने पुन्हा उभ्या करणारे रीएनॅक्टर आज याच्या प्रतिकृती वापरतात.

अकराव्या शतकातल्या नॉर्मन सरदाराच्या टोपाला पुढे फक्त नाकावरची पट्टी असे, चेहरा उघडाच. बाराव्या शतकाच्या अखेरीस तिथे चेहरा झाकणारा पत्रा आला. इंग्लंडच्या पहिल्या रिचर्डच्या ११९८ च्या राजमुद्रेवर असा सपाट माथ्याचा टोप दिसतो. पुढच्या काही दशकांत मागची बाजूही बंद झाली. पण सपाट माथ्यावर वरून आलेला घाव पुऱ्या जोराने बसे. म्हणून तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात माथा निमुळता होऊ लागला, घाव घसरून जावा यासाठी.

चेहरा झाकला, की ओळख पटवायची कशी? मग माथ्यावर चिन्हं चढली. १३७६ मध्ये वारलेला इंग्लंडचा युवराज ‘ब्लॅक प्रिन्स’ याच्या हेल्मवर कातड्याचा बिबट्या होता. हा हेल्म कँटरबरी कॅथेड्रलने जपला आहे. तिथल्या त्याच्या समाधीवर मात्र १९५४ पासून प्रतिकृती टांगलेली आहे. मूळ हेल्म जगात मोजकेच उरले असल्याने त्या काळाचा अभ्यास करणाऱ्याला असा एकेक नमुना लाखमोलाचा वाटतो.

एडिंबरोच्या संग्रहालयातला, चौदाव्या शतकातला इंग्लिश सरदार रिचर्ड पेंब्रिज याचा हेल्म असाच. त्याचे पोलादी पत्रे एकमेकांवर चढवून रिव्हेटने जोडले आहेत आणि श्वासाची भोकं उजव्या बाजूला आहेत. भाल्याच्या झुंजीत प्रतिस्पर्धी डावीकडून अंगावर येई, म्हणून डावा गाल अखंड राखायचा. ही साधी समज मला या सगळ्यात सर्वांत देखणी वाटते.

प्रतिकृतींची हौसही जुनी आहे. १८३९ मध्ये स्कॉटलंडमधल्या एग्लिंटन इथे हौशी सरदारांनी चिलखतं चढवून झुंजी खेळल्या. पाऊस कोसळला आणि मैदानाचा चिखल झाला, तरी मध्ययुगाची ओढ ओसरली नाही. आज असे हेल्म आपल्या डेहराडूनमध्येही घडतात आणि परदेशी जातात.

घेणाऱ्याने पत्र्याची जाडी जरूर विचारावी. १८ गेजचा, म्हणजे साधारण १.२ मिलिमीटरचा पत्रा शोभेपुरताच. झुंजीसाठी १४ गेज, सुमारे २ मिलिमीटर, बरा. आत जाड गादीही हवीच. नाहीतर घाव अडतो, पण हादरा थेट कवटीला बसतो.