झेब्रा क्रॉसिंगवरील अपघात आणि कायदेशीर जबाबदारी (नागपूर)

झेब्रा क्रॉसिंगवर किंवा त्याच्या लगत पायी जाणाऱ्याला वाहनाची धडक बसल्यास चालक, वाहनमालक आणि विमा कंपनी यांच्यावर जबाबदारी येते. क्वचित रस्ता सांभाळणारी यंत्रणाही त्यात ओढली जाते. ही जबाबदारी दोन वाटांनी चालते. शिक्षेचा खटला फौजदारी न्यायालयात चालतो आणि भरपाईचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे. एकीचा निकाल दुसरीला बांधून ठेवत नाही. कायदे केंद्राचे असल्याने देशभर सारखेच आहेत, पण प्रत्येक प्रकरण ठरते ते चौकात मागे राहिलेल्या खुणांवर. त्यामुळे नागपूरच्या चौकांची तऱ्हा इथे विचारात घ्यावी लागते.

पट्ट्यांवर अग्रहक्क कोणाचा

मोटार वाहन (चालन) विनियम, २०१७ यांनी १९८९ च्या जुन्या नियमांची जागा घेतली. सिग्नल नसलेल्या क्रॉसिंगजवळ येताना चालकाने वेग कमी करायचा, थांबायचे आणि पादचारी, व्हीलचेअरवरील व्यक्ती यांना आधी जाऊ द्यायचे, असे हे विनियम सांगतात. पुढे वाहने तुंबली असतील तर पट्ट्यांवर गाडी आणून उभी करायची नाही. पादचारी, सायकलस्वार, मुले, वृद्ध आणि दिव्यांग यांची विशेष काळजी घेणे हेही चालकाचे कर्तव्य ठरवले आहे. हे विनियम मोडल्याबद्दलचा दंड मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७अ प्रमाणे ५०० ते १,००० रुपये आहे. रक्कम किरकोळ वाटते, पण अपघात झाल्यावर त्याच कर्तव्यभंगातून निष्काळजीपणा सिद्ध करता येतो आणि मग आकडे लाखांत जातात.

नागपुरात भर उन्हाळ्यात पारा ४४-४५ अंशांवर गेला की दुपारचे काही तास काही चौकांतले सिग्नल बंद ठेवतात. दुचाकीवाल्यांना उन्हात ताटकळत ठेवू नये हा हेतू. सोय चांगलीच आहे. मात्र त्या वेळेत तो चौक विनासिग्नलचा होतो आणि पट्ट्यांवर थांबून वाट देण्याचे चालकाचे कर्तव्य पूर्णपणे लागू होते. प्रत्यक्षात बहुतेक चालक बंद सिग्नलचा अर्थ ‘आता कोणासाठी थांबायचे नाही’ असा लावतात. ‘लेफ्ट फ्री’चेही तसेच. डावीकडे वळायला मोकळीक आहे म्हणजे त्या वळणावरच्या पट्ट्यांवरून चाललेल्या माणसावर गाडी घालायला मोकळीक नव्हे.

सिग्नल चालू असताना गणित बदलते. पादचाऱ्याने लाल दिव्यात रस्ता ओलांडला तर चूक त्याच्याकडेही येते. तरीही चालक सुटतोच असे नाही. समोर माणूस दिसत असताना ब्रेक न लावणे हा निष्काळजीपणाच असतो.

फौजदारी बाजू

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. रस्त्यावर बेदरकार वाहन चालवण्यासाठी कलम २८१ असून त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. साधी दुखापत झाल्यास कलम १२५(अ), गंभीर दुखापत झाल्यास १२५(ब) लागते आणि गंभीर दुखापतीसाठी शिक्षा तीन वर्षांपर्यंत जाते. मृत्यू झाल्यास कलम १०६(१) लागते. जुन्या ३०४अ मध्ये कमाल दोन वर्षे होती, ती आता पाच झाली आहेत. धडक देऊन, पोलिसांना न कळवता पळून जाणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षा देणारे १०६(२) मात्र छापील कायद्यातच आहे. जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालकांनी त्याविरुद्ध काम बंद केले, नागपुरातही पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या आणि केंद्राने ते पोटकलम लागू करणे लांबणीवर टाकले.

दारू पिऊन किंवा परिणामांची जाणीव असूनही भरधाव गाडी चालवली असेल तर सदोष मनुष्यवधाचे कलम लावता येते. नोव्हेंबर २००६ मध्ये मुंबईच्या कार्टर रोडवर पदपथावर झोपलेले सात मजूर मोटारीखाली ठार झाले. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सदोष मनुष्यवधाची शिक्षा कायम केली. तेव्हापासून राज्यभरच्या न्यायालयांत या निकालाचा आधार घेतला जातो.

गाडी अल्पवयीन मुलाच्या हाती असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ प्रमाणे पालक किंवा मालक दोषी धरला जातो: तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड आणि गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. शिकवणीला जाण्यासाठी मुलाच्या हाती मोपेड देणाऱ्या घरांनी हे कलम एकदा वाचावे.

अपघातानंतर जखमीला उपचार मिळवून देणे आणि पोलिसांना कळवणे ही त्याच कायद्याच्या कलम १३४ ची सक्ती आहे. जमाव अंगावर येण्याची भीती असेल तर चालकाने जागा सोडावी, पण ठाण्यात जावे. मदतीला धावलेल्या माणसाला २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १३४अ चे संरक्षण आहे. जखमीला मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत पोहोचवणाऱ्याला आपले नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही.

भरपाईचा दावा

वाहनाचा तृतीय पक्ष विमा सक्तीचा असल्याने पैसे सहसा विमा कंपनी देते. चालकाकडे वैध परवाना नव्हता, अशा प्रकरणांत न्यायाधिकरण अनेकदा कंपनीला आधी भरपाई द्यायला आणि मग मालकाकडून वसूल करायला सांगते. दावा अपघाताच्या ठिकाणी किंवा दावेदार राहतो तिथे करता येतो. बांधकामावर आलेला मजूर वर्धा रोडवर दगावला तर त्याच्या घरच्यांना गोंदियात किंवा बालाघाटातही दावा लावता येतो, दर तारखेला सिव्हिल लाईन्सच्या न्यायालयात खेटे घालायची गरज नाही. एप्रिल २०२२ पासून दाव्याला सहा महिन्यांची मुदत आली असून तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे. शहाण्याने ती मुदत पाळावी. चूक कोणाची हे सिद्ध न करता ठरावीक रक्कम घ्यायची असेल तर कलम १६४ खाली मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मिळतात.

पूर्ण भरपाईचे सूत्र सर्वोच्च न्यायालयाने सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या निकालांत बसवून दिले आहे. समजा, सक्करदऱ्यात राहणारा ३८ वर्षांचा गवंडी महिन्याला १८,००० रुपये कमावत होता आणि मागे बायको, दोन मुले व आई आहे. वर्षाचे २,१६,००० रुपये. पुढील कमाईच्या शक्यतेचे ४० टक्के मिळवून ३,०२,४०० रुपये. त्याचा स्वतःचा खर्च म्हणून एक चतुर्थांश वजा केल्यावर उरले २,२६,८००. ३६ ते ४० वयोगटाचा गुणक, म्हणजे या रकमेला वयानुसार गुणायचा आकडा, १५. म्हणजे ३४,०२,००० रुपये, वर अंत्यविधीचा खर्च, संपदेचे नुकसान आणि घरच्यांनी गमावलेला सहवास यांच्या ठरावीक रकमा. आता न्यायाधिकरणाने ‘मृताचीही २५ टक्के चूक होती’ असे म्हटले तर मूळ रकमेतले ८,५०,५०० रुपये गेले. तो पट्ट्यांवर होता की पट्ट्यांपासून चार पावले पुढे, या प्रश्नावर एवढे पैसे अडकलेले असतात.

झेब्राच्या बाहेर रस्ता ओलांडला म्हणून भरपाईचा हक्क बुडत नाही, फक्त वाटा कमी होऊ शकतो. लहान मुलाच्या बाबतीत न्यायालये तेवढाही वाटा सहसा कापत नाहीत.

पंचनामा आणि पुसलेले पट्टे

म्हणून घटनास्थळाचा पंचनामा हा या विषयातला सर्वांत महत्त्वाचा कागद, आणि सर्वांत हलगर्जीपणे लिहिला जाणाराही तोच. ‘सदर रस्ता डांबरी असून पूर्व-पश्चिम जातो’ असे त्यात हमखास असते. पट्टे दिसत होते का, थांबरेषा कुठे होती, चप्पल आणि पिशवी पट्ट्यांपासून किती अंतरावर पडली, हे मात्र कित्येकदा नसते. चौकाचौकांत कॅमेरे लागले आहेत, पण चित्रण कायम जपले जात नाही. नातेवाइकांनी पहिल्या आठवड्यातच ते जपून ठेवण्याचा लेखी अर्ज ठाण्यात द्यावा. पोलिसांनीही पहिला अपघात अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो.

‘माणूस अचानक आडवा आला’ हा चालकाचा नेहमीचा बचाव. वर्धा रोडवर खाली रस्ता, मध्ये उड्डाणपूल आणि वर मेट्रो अशी ३.१४ किलोमीटरची दुमजली रचना आहे. अशा जाड खांबांआडून निघालेला माणूस उशिरा दिसतो हे खरेच. पण क्रॉसिंगजवळ वेग कमी करण्याचे कर्तव्य माणूस दिसण्याआधीच सुरू होते, त्यामुळे पट्ट्यांवर हा बचाव लंगडा पडतो. चालक साक्षीला उभाच राहिला नाही तर न्यायाधिकरण त्याच्याविरुद्ध अनुमान काढू शकते. दाव्यात ‘अधिक संभाव्य काय’ एवढेच पाहतात. फौजदारी खटल्यात संशयापलीकडचा पुरावा लागतो. चालक निर्दोष सुटूनही घरच्यांना भरपाई मिळते ती यामुळे.

पट्टेच पुसले असतील तर? नागपुरात रस्त्यांचे धनी अनेक: महानगरपालिका, नागपूर सुधार प्रन्यास, सार्वजनिक बांधकाम विभाग, राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण. डांबराचा नवा थर पडतो आणि पट्टे रंगवायला महिने लागतात. कलम १९८अ प्रमाणे सदोष रस्त्याबद्दल यंत्रणा किंवा ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो, पण हे कलम वापरल्याचे क्वचितच ऐकू येते. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये पदपथाचा वापर हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यांमुळे झालेल्या मृत्यूंसाठी सहा लाखांची भरपाई ठरवून दिली. पुसलेल्या पट्ट्यांना हाच न्याय लावायला वकिलांना आता आधार सापडतो.

पळून गेलेले वाहन सापडलेच नाही, तर २०२२ च्या योजनेनुसार मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५०,००० रुपये मिळतात. अर्ज न्यायालयात न करता उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदार यांच्याकडे करायचा, मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांची. पुढे वाहन सापडून पूर्ण भरपाई मिळाली तर ही रक्कम परत करावी लागते.